कंबळसिद्धाचं घोंगडं

बिरप्पा बंडगराला सोलापूरच्या भुसार बाजारात पोती उचलायला लागून दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत त्याच्या तोंडून गाण्याची एक ओळ कुणी ऐकली नव्हती. बाजारातल्या हमालांना त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. त्यांच्या लेखी तो सांगोल्याकडचा एक उंच, अबोल धनगर होता, ज्वारीचं भरलेलं पोतं एका झोक्यात पाठीवर घेणारा. पण त्याच्या मुलखात कुणाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की बिरोबाच्या यात्रेत बिरप्पा ओवी सांगायला उभा राहिला की शेजारच्या मेळ्यातले ढोलवालेसुद्धा आपले ढोल खाली ठेवून ऐकायला येत.

ओवी त्याला मामानं शिकवली होती. मामा निरक्षर, बिरप्पाही निरक्षर. मेंढरांमागं चालता चालता मामा एक ओळ सांगायचा, बिरप्पा ती झेलायचा. असं करत करत देवांच्या आणि सिद्धांच्या सगळ्या कथा त्याच्या डोक्यात उतरल्या. दरवर्षी पाऊसकाळ सरला की नव्वद मेंढरांचा कळप घेऊन तो पूर्वेकडं, वळसंग-मंद्रूपच्या बाजूला जायचा. तिथल्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांना खत मिळायचं, ह्याला धान्य मिळायचं. तिकडच्या कानडी मेंढपाळांत राहून त्याला मेंढरांपुरतं कानडी येऊ लागलं होतं. मेंढराला, कोकराला, लोकरीला, घोंगड्याला काय म्हणतात ते ठाऊक. त्यापलीकडं एक अक्षर नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात कळप गेला. काही मेंढरं उपाशी मेली, उरलेली मिळेल त्या भावात द्यावी लागली. बिरप्पा आणि त्याची बायको अंबुबाई चालत सोलापूरला आली. अंबुबाईला तेलाच्या गिरणीत शेंगा निवडायचं काम मिळालं, बिरप्पाला बसवराज अण्णांच्या आडतीत हमाली. पोट भरत होतं. पण गाणं बंद झालं. अंबुबाईनं एकदोनदा विषय काढून पाहिला, तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, की मेंढरंच न्हाईत तर गाऊ कुणापुढं.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात मात्र एक गोष्ट घडली.

बसवराज अण्णा लिंगायत. पेठेतल्या मठाचे ते पंच होते. श्रावणात रोज संध्याकाळी दुकानं बंद झाली की मठात पुराण चालायचं. पुराण सांगायचे चन्नप्पा मास्तर. शाळेतून नुकतेच रिटायर झालेले, काडीसारखे बारीक, जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज असा की शेवटच्या पायरीवर बसलेल्यालाही वाटावं आपल्याशीच बोलतायत. पोथी कानडी. मास्तर एक ओळ कानडीत वाचायचे आणि मग तिचा अर्थ मराठीत रंगवून सांगायचे. प्रसादाचं पोतं पोचवायला म्हणून बिरप्पा पहिल्यांदा गेला तो रोजच जाऊ लागला. चपला काढतात त्या पायरीवर बसायचा. त्याला तिथं बस असं कुणी म्हटलं नव्हतं, आत ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या सोमवारी मास्तरांनी कंबळसिद्धाची कथा काढली, आणि बिरप्पा ताठ बसला.

कंबळसिद्ध हा त्याच्या मामाचा सर्वांत लाडका सिद्ध. वळसंगच्या पलीकडं एका माळावर त्याचं छोटं देऊळ होतं. धनगर म्हणायचे सिद्ध आमचा, मेंढरं राखणारा, आणि देवाचाच अंश; त्याला गुरू कशाला लागतो? लिंगायत म्हणायचे सिद्ध मेंढपाळ होता खरा, पण गुरूनं येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधलं तेव्हा तो सिद्ध झाला. सिद्ध एक, माळ एक, मेंढरं तीच, नदी तीच. कथा मात्र दोन. मार्गशीर्षातल्या यात्रेला हा वाद दरसाल दगडापर्यंत पोचायचा. देवळात सिद्धाची म्हणून एक शिळा होती. धनगर सकाळी तिच्यावर काळं घोंगडं पांघरत. दुपारी लिंगायतांची पालखी आली की ते घोंगडं काढून शिळेला भस्म लावत आणि पांढरं वस्त्र नेसवत. संध्याकाळी पुन्हा घोंगडं. एका साली ओढाओढीत ते मधोमध फाटलं आणि पोलिस पाटलाला मध्ये पडावं लागलं होतं.

मास्तर सांगत होते, की गुरूचा हात डोक्यावर पडताच सिद्धानं अंगावरचं घोंगडं भिरकावून दिलं. अज्ञान गेलं, मेंढरं गेली, उरला तो शुद्ध शिवयोगी. ऐकणाऱ्या बायकांनी हात जोडले.

"घोंगडं टाकलं न्हाय, मास्तर."

हे आपण मोठ्यानं बोललो हे बिरप्पाला सगळ्या माना वळल्या तेव्हा कळलं. बसवराज अण्णांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की बिरप्पाला वाटलं उद्यापासून आडतीत जायला नको. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तू होतास काय रे तिथं?" त्यांनी विचारलं. सभा हसली.

"मी न्हवतो," बिरप्पा म्हणाला. "पर तुमीबी न्हवता की."

आता सभा मास्तरांना हसली. आणि मास्तर चिडण्याऐवजी चौरंगावर पुढं सरकून बसले. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला कुणी शेवटच्या बाकावरून प्रश्न विचारला की कसं होतं, तसं त्यांचं झालं होतं. मग काय झालं घोंगड्याचं, ते विचारू लागले. बिरप्पा सांगू लागला आणि अडला. नुसतं सांगता येईना. ओवी ही गाऊनच सांगायची गोष्ट. एक ओळ दुसरीला ओढून आणते, आणि ढोलाशिवाय पहिली ओळच निघत नाही.

मास्तरांना ते समजलं. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की येत्या रविवारी सकाळी मठाच्या पटांगणात दोन्ही कथा होतील. आधी पोथी, मग ओवी. मध्ये कुणी कुणाला तोडायचं नाही. दोन्ही झाल्यावर सवाल-जवाब. बसवराज अण्णांनी हळूच सुचवून पाहिलं, की मठात ढोल कशाला; पण पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे रविवार-रविवार करत उठले होते, आणि त्या आवाजात अण्णांचं म्हणणं कुणाला ऐकू गेलं नाही.

बिरप्पा घरी आला तो चपला न काढताच चुलीपाशी आला. अंबुबाईला वाटलं काम गेलं. त्यानं सगळं सांगितलं. चुलीपुढं बसल्या बसल्या कंबळसिद्धाच्या ओवीची पहिली ओळ तिनं गुणगुणली. मग दुसरी. तीस वर्षं माळावर भाकरी थापताना तिनं मागून सगळं ऐकलेलं होतं.

मधले पाच दिवस बिरप्पा जमिनीवर नव्हताच. पोतं पाठीवर घेऊन चालताना त्याचे ओठ हलत. बाकीचे हमाल एकमेकांना खुणा करत. मंगळवारी तो अर्धा दिवस सुटी घेऊन एस.टी.नं वळसंगला गेला, आपल्या मावसभावाकडं, बाळासोकडं. बाळासोकडं अजून साठ मेंढरं होती आणि पंचक्रोशीतला सगळ्यात दणकट ढोल होता. आधी तो मठात यायला तयार होईना. घोंगडं फाटलं त्या साली एक टोक त्याच्याच हातात होतं. पण लिंगायतांच्या मठात, त्यांच्याच पटांगणात, त्यांच्या मास्तरापुढं आपला सिद्ध आपला म्हणून सांगायला मिळतोय, हे जसजसं त्याच्या डोक्यात शिरलं तसतसा तो उठून फेऱ्या मारू लागला. निघताना बाळासोनं बजावलं, की मागं सरायचं न्हाय. आपला सिद्ध निगुरा, म्हणजे गुरूवाचून सिद्ध झालेला. त्यो मुद्दा सोडलास तर समदं गेलं.

रविवारी सकाळी नऊच्या आत पटांगण भरलं. पेठेतली लिंगायत घरंच्या घरं आली होती. बायका वरच्या सज्जात दाटीवाटीनं बसल्या. वळसंगहून दोन बैलगाड्या आल्या, मंद्रूपहून काही माणसं एस.टी.नं आली. खांद्यावर घोंगडी टाकलेले धनगर एका बाजूला, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले लिंगायत दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बाजारातले हमाल, ज्यांना दोन्हींशी काही देणंघेणं नव्हतं पण बिरप्पा आपला होता. पेठेतले चार विणकर तेलुगूत आपसात बोलत भिंतीवर चढून बसले.

मास्तरांनी पोथीचं फडकं सोडलं. तासभर ते बोलले, आणि सुंदर बोलले हे बिरप्पालाही मनात कबूल करावं लागलं. सिद्ध मेंढरं घेऊन सीना नदीच्या काठी आला. तीन दिवस त्याला ताप भरला होता. नदीला पूर. तेव्हा गुरू आले. मास्तरांनी ओळ वाचली, 'गुरु मरिय होत्तु नडेद', आणि अर्थ सांगितला. मरी म्हणजे मठात गुरूच्या मागं गादीवर बसणारा लहान शिष्य. गुरूनं आपल्या त्या शिष्याला, म्हणजे सिद्धाला, खांद्यावर घेतलं आणि भवसागर पार केला. सज्जातून बायकांचा हुंकार आला.

बिरप्पाचे कान टवकारले. मरी. हा शब्द त्याला ठाऊक होता. तो उठणार तेवढ्यात बाळासोनं त्याचं धोतर धरून खाली ओढलं. मध्ये तोडायचं नाही असं ठरलं होतं.

मग त्याची पाळी आली. सहा झीलकरी झांजा घेऊन मागं उभे राहिले, ओळ झेलायला. बाळासोनं ढोलावर थाप मारली आणि पारव्यांचा थवा मठाच्या शिखरावरून उडाला. बिरप्पानं डोळे मिटले, देवाचं नाव घेऊन सुरुवात केली, आणि आवाज फाटका निघाला. दोन वर्षांचा गंज होता तो. दुसऱ्या ओळीला खोकला आला. सातव्या ओळीला पुढचं आठवेना. ढोल वाजत राहिला, झांजा वाजत राहिल्या, आणि बिरप्पाच्या डोक्यात नुसता पांढरा माळ पसरला.

सज्जातून अंबुबाईनं पुढची ओळ म्हटली. मोठ्यानं, सरळ, भाकरी खायला हाक मारावी तशी. दोनशे माणसांत बाईमाणसानं ओवी सांगणं कुणी ऐकलं नव्हतं. बाळासोची थाप क्षणभर चुकली. पण बिरप्पानं ती ओळ झेलली, आणि त्यानंतर तो थांबला नाही.

आवाज मोकळा झाला. मेंढरं आली. बिरप्पाला ती दिसत होती, एकेक, मामानं ठेवलेल्या नावांनी. तापानं फणफणलेला सिद्ध झाडाखाली पडला, मेंढरांनी त्याच्याभोवती गोल धरला, नदी गर्जत आली. एक म्हातारा पैलतीरावरून चालत आला आणि तीन दिवस त्यानं कळप राखला. धनगर उभे राहून डोलू लागले, हमाल टाळ्यांनी ठेका देऊ लागले. मास्तर चौरंगावर मांडी मोडून गुडघ्यांवर बसले होते, तोंड उघडं. आणि मग ओवीचं ते पालुपद आलं, जे प्रत्येक कडव्यानंतर झीलकरी तीनदा म्हणत:

'कंबळी हासिदा, गुरुविगे हासिदा.'

"थांब," मास्तर ओरडले.

आपलाच नियम त्यांनी मोडला होता, पण ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. ढोल थांबला. हासिदा म्हणजे काय, त्यांनी विचारलं. बिरप्पानं धापा टाकत सांगितलं, की हासिदा हे गाव आहे, भीमेपल्याड, सिद्धाचं जन्मगाव. मामानंच तसं सांगितलं होतं.

मास्तर उठून चालत त्याच्यासमोर आले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता.

"गाव नाही रे बिरप्पा. कानडी आहे हे. हासिदा म्हणजे अंथरलं. घोंगडं अंथरलं, गुरूसाठी अंथरलं. तू हे किती वर्षं म्हणतोयस?"

"तीस," बिरप्पा म्हणाला.

पटांगणात गलका झाला. लिंगायतांच्या बाजूनं जयजयकार उठला. गुरू होता, धनगरांच्या तोंडूनच निघालं. बाळासोनं ढोलाची टिपरी फेकली. बिरप्पानं मागं वळून पाहिलं तर त्याच्या माणसांची तोंडं पडली होती, आणि ती त्याच्यावर रागावली होती. त्याला स्वतःला मात्र वाईट वाटत नव्हतं. तीस वर्षं जे तोंडात घोळवलं त्याला अर्थ होता! मामाला, मामाच्या मामाला कुणीतरी कधीतरी हे समजून सांगितलं असणार, आणि मग ते विसरून सगळे नुसतं म्हणत राहिले, पण एक अक्षर त्यांनी सांडू दिलं नाही.

"मानलं," तो म्हणाला. "गुरू हुता. पर घोंगडं टाकलं न्हाय, अंथरलं. आन् आता तुमी सांगा मास्तर, मरी म्हंजे काय?"

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. शिष्य.

"आमच्यात मरी म्हंजे कोकरू. मंद्रूपच्या बाजारात कुणालाबी इचारा. गुरूनं कोकरू खांद्यावर घेतलं. सिद्ध तापानं पडलाय, नदीला पूर आलाय, मेंढी काठावर व्यालीय. तवा म्हातारा काय करंल? गुरूनं मेंढरं राखली, मास्तर. तीन दिस त्यो धनगर झाला."

मास्तर हसले नाहीत. ते मागं गेले आणि पोथीवर वाकले. आधीची ओळ त्यांनी बोट लावून वाचली, मग तिच्या आधीची. तिथं एका मेंढीचा उल्लेख होता. काठावर राहिलेली मेंढी म्हणजे देहभाव, असा अर्थ ते आजवर सांगत आले होते. त्यांच्या गुरूंनीही तोच सांगितला होता. आता बोट ओळीवर तसंच राहिलं.

तेवढ्यात सज्जातून मास्तरांची बायको, कमलम्मा, बोलली. तिचं माहेर कर्नाटकातलं, इंडीकडचं. ती म्हणाली, की मठातल्या स्वामींच्या शिष्याला मरी म्हणतात हे खरं, पण आमच्या घरी आधी कोकरालाच म्हणतात, आणि लग्नाच्या वर्षी मी तुम्हाला हे सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही मला गप्प बसवलंत.

त्यानंतर काय झालं ते धड कुणालाच सांगता येत नाही. धनगरांनी ढोल पुन्हा सुरू केला. गुरूला धनगर केला म्हणून पाचदहा लिंगायत उठून चालते झाले. गुरू कबूल केला म्हणून बाळासो आपली गाडी जुंपू लागला. बसवराज अण्णा उभे राहून विचारत होते, की जिंकलं कोण ते तरी सांगा. भिंतीवरचे विणकर दोन्ही बाजूंना टाळ्या देत होते. आणि या सगळ्यात मास्तर आणि बिरप्पा चौरंगाला टेकून, एकमेकांचं बोलणं तोडत, पोथीतली पुढची ओळ लावत बसले होते. बिरप्पाला वाचता येत नव्हतं, मास्तरांना मेंढरातलं कळत नव्हतं. मास्तर शब्द वाचायचे, बिरप्पा तो ऐकून मान हलवायचा किंवा एकदम हात उचलायचा. दुपार उलटली तरी दोघांना भुकेची शुद्ध नव्हती. अंबुबाई आणि कमलम्मा सज्जातून उतरून मठाच्या ओट्यावर त्यांची वाट बघत बसल्या, आणि त्यांनी तेवढ्या वेळात एकमेकींच्या माहेराची सगळी माहिती काढून घेतली.

दोघांनाही हे फुकट पडलं नाही. बाळासो दोन महिने बिरप्पाशी बोलला नाही. मठाच्या पंचांनी मास्तरांना सुचवलं, की उरलेल्या श्रावणात दुसरं पुराण घ्यावं. मास्तरांनी त्याला नकार दिला आणि कंबळसिद्धच संपवला, कोकरासकट. शेवटच्या दिवशी ऐकणारे निम्मे होते, पण बसवराज अण्णा पहिल्या रांगेत होते, आणि त्यांनी बिरप्पाला पायरीवरून उठवून आपल्या शेजारी बसवलं. आडतीतून त्याला काढून टाकायचा विषय कधी निघालाच नाही.

मार्गशीर्षात यात्रा आली. त्या साली माळावर नेहमीपेक्षा दुप्पट माणसं जमली, कारण मठातली गोष्ट गावोगाव पोचली होती आणि या वर्षी डोकी फुटणार अशी सगळ्यांची खात्री होती. सकाळी धनगर घोंगडं घेऊन देवळाशी आले. पालखीही या वर्षी मुद्दाम सकाळीच आली होती. दोन्ही मेळे दारात समोरासमोर थांबले. घोंगडं बाळासोच्या हातात होतं.

बिरप्पा त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. त्यानं हात पुढं केले. बाळासो त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं घोंगडं दिलं; का दिलं ते पुढं कधी त्यालाही सांगता आलं नाही. बिरप्पा आत गेला. शिळेवर त्यानं ते पांघरलं नाही. शिळेपुढं जमिनीवर त्यानं ते चारी कोपरे ओढून नीट अंथरलं, आणि ओवीचं पालुपद म्हटलं, या वेळी अर्थासकट. मागं झीलकऱ्यांनी ते उचललं. पालखीवाल्यांत कुजबुज सुरू झाली, कारण आता ओढून काढायला शिळेवर काही नव्हतंच.

आणि मग गर्दी दुभंगली. चन्नप्पा मास्तर पांढरं शुभ्र धोतर नेसून, कपाळभर भस्म लावून, वळसंगच्या कळपातलं चार दिवसांचं कोकरू खांद्यावर घेऊन चालत येत होते. उभ्या जन्मात त्यांनी जनावराला हात लावला नव्हता. कोकराचे चारी पाय त्यांनी छातीशी असे गच्च धरले होते, की कोकरू आणि मास्तर दोघंही घाबरलेले दिसत होते. 'गुरु मरिय होत्तु नडेद' म्हणत त्यांनी देवळाला प्रदक्षिणा सुरू केली. अर्ध्या वाटेत कोकरानं त्यांचं शुभ्र धोतर ओलं केलं. मास्तर थांबले नाहीत. माळावर असा हशा उठला, असा ढोल वाजला, की पलीकडच्या रानातले बैल बुजले. दुसऱ्या फेरीला बसवराज अण्णा त्यांच्यामागं चालू लागले, तिसऱ्या फेरीला पालखी, आणि शेवटी, तोंड वाकडं करत का होईना, ढोल गळ्यात अडकवून बाळासोसुद्धा.

भांडण काही संपलं नाही. घोंगडं अंथरायचं तर त्याची पांढरी किनार शिळेकडं की दाराकडं, यावरून त्याच संध्याकाळी नवीन वाद सुरू झाला आणि तो पुढं बरीच वर्षं चालला. पण डोकं कुणाचं फुटलं नाही, आणि मधोमध फाटायची पाळी घोंगड्यावर पुन्हा आली नाही.

बिरप्पा हमालच राहिला. मेंढरं त्यानं पुन्हा घेतली नाहीत. पण रविवारी सुटीच्या दिवशी तो गाऊ लागला, कधी मठात, कधी बाजारात रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसून, आणि अंबुबाई शेजारी बसून अडेल तिथं ओळ पुरवू लागली. मास्तर दर आठवड्याला त्याच्या खोलीवर यायचे, वही घेऊन. बिरप्पाची सगळी ओवी त्यांनी लिहून घ्यायला घेतली होती. दोघांचं प्रत्येक पानावर वाजायचं. सिद्धाच्या आईवरून तर सहा आठवडे अबोला होता. पोथीत होतं, सिद्धाची आई तेल्याची मुलगी. ओवीत होतं, सिद्धाला आई नव्हतीच; एका मेंढीनं त्याला दूध पाजलं.

शेवटी पंचाहत्तरच्या माघात दोघांनी ठरवलं, की मंद्रूपच्या बाजाराला जायचं. तिथं मेंढरं विकायला येणारा एक म्हातारा कानडी मेंढपाळ होता, त्याला दोन्हीकडच्या कथा येतात असं बाळासोनं सांगितलं होतं. सकाळच्या एस.टी.त दोघं बसले आणि बस गावाबाहेर पडायच्या आत त्यांचं सुरू झालं. मास्तर म्हणाले, मेंढीनं दूध पाजलं हे रूपक असणार. बिरप्पा म्हणाला, मरीपण रूपकच हुती की तुमची. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघू लागल्या.

कंडक्टर तरुण होता, सोलापूरच्याच एका मोहल्ल्यातला. मास्तरांचं तिकीट फाडता फाडता त्याचा हात थांबला.

"वळसंग के माळ पे के? घोंगडेवाले?" तो म्हणाला. "वो तो हमारे कंबलशा पीर हैं ना साब. नानी हर साल फातिहा देती उनके नाम की. माँ का नाम भी मालूम है नानी कू."

मास्तरांनी चष्मा काढला.

"नानी आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

आहे, होटगीला असते, कंडक्टर म्हणाला. डोळ्यांना दिसत नाही, पण गोष्ट सांगायला बसली की उठत नाही. त्यानं उरलेली तिकिटं फाडली आणि पुढं गेला. बिरप्पानं मास्तरांकडं पाहिलं, मास्तरांनी पिशवीतली वही चाचपून पाहिली.

मंद्रूपला बस थांबली. माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, टोपल्या उतरल्या, सगळे बाजाराच्या दिशेनं गेले. हे दोघं जागचे हलले नाहीत. बस परत सोलापूरला फिरायला अर्धा तास होता, तिथून होटगी गाठायची होती, आणि ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. खिडकीत बसल्या बसल्या मास्तर वहीच्या कोऱ्या पानावर नवीन मथळा लिहीत होते, आणि बिरप्पा पुढं वाकून त्यांना सांगत होता, की तेल्याची मुलगी निघाली तर ते मानायचं, पण मेंढी निघाली तर तुमीबी मानायचं, आत्ताच सांगून ठेवतो.